सिरिलचं एक मिनिट

मित्रा हे माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं ते एका सीडीच्या पुस्तिकेत, आणि ती पुस्तिका मला आजही हातात धरवत नाही. कपाटाच्या तळाशी जुन्या पासपोर्टांखाली ती पडून आहे. फेकायला गेले की वाटतं, फेकली म्हणजे सुटल्यासारखं होईल, म्हणून ठेवते. काही शोधताना कधी तिचा कोपरा बोटांना लागतो आणि मी हात मागे घेते. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण गाळायचं असंच ठरवलं होतं. आईबाबांबद्दल लिहावं, शाळेबद्दल लिहावं, पुढच्या नोकऱ्यांबद्दल लिहावं, हे कशाला? पण बाकीचं लिहीत गेले तसं लक्षात आलं, की हे टाळलं तर उरलेल्या पानांमधली मी फारच चांगली मुलगी दिसते आहे. म्हणून हेही लिहायला घेतलं.

आईबाबा भारत सोडून आलेले. वुडलँड्स या उपनगरात आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. बाबा आधी जहाजावर इंजिनिअर होते. मला आठवायला लागलं तेव्हापासून जहाजदुरुस्तीच्या यार्डात. त्यांच्या शर्टांना किती धुतलं तरी डिझेलचा बारीक वास असायचा आणि तो मला आवडायचा. आई पुण्याची. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर ती मजल्यावरच्या मुलांना गणित शिकवायची. मुलं तिला ‘आँटी’ म्हणायची आणि चुकलं की ‘अय्यो, सो हार्ड लाह’ म्हणत टेबलावर डोकं ठेवायची. रविवारी सकाळी मेणबत्ती, उदबत्ती, वंदना. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या सुटातला फोटो. वंदना झाली की बाबा स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे. ते भुसावळचे. लिटल इंडियातून आणलेलं ज्वारीचं पीठ, वांगी, आणि शेवभाजीसाठी गावाहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेतून आलेली जाड तिखट शेव. भाकरी ते स्वतः थापायचे. यार्डातले हात परातीवर असे चालायचे की आई मुद्दाम दारात उभी राहून बघायची.

घरात सगळी गाणी चालत, एक प्रकार सोडून. पितळी वाद्यं. टीव्हीवर लग्नाचा प्रसंग आला आणि बँड वाजायला लागला की बाबा उठून गॅलरीत जात. भंगारवाला म्हातारा हातगाडी घेऊन खालून रबरी भोंगा वाजवत जायचा, तेसुद्धा त्यांना नको व्हायचं. आणि आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये टेरी अंकल रोज चार वाजता ट्रोम्बोन वाजवायचे. सुरावट नाही, नुसता एकेक सूर, लांबच लांब, दम संपेपर्यंत. ओठ जागेवर ठेवायला हे करावं लागतं, हे मला नंतर कळलं. बाबा सुट्टीच्या दिवशी चार वाजता खिडक्या लावून घेत. त्या दमट हवेत खिडक्या लावून आम्ही घाम पुसत बसायचो आणि आई म्हणायची, “अहो, जाऊन सांगा ना एकदा.”

एका रविवारी ते गेले. मी मागोमाग. टेरी अंकलनी लोखंडी जाळीचं दार उघडलं. पासष्टीचे असतील, युरेशियन, सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पावडरचा वास. पूर्वी हॉटेलांमध्ये ते सोल, म्हणजे काळजाला हात घालणारी इंग्रजी गाणी, गायचे. बाजारातल्या बायका अजून त्यांना थांबवून सांगायच्या, की तुमच्या गाण्यावर आम्ही कशा रडायचो. हातात ट्रोम्बोन तसाच होता. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

“फार मोठ्यानं होतं का?” त्यांनी विचारलं.

बाबांनी मनात वाक्यं जुळवून आणली होती. ती गेली कुठे कोण जाणे. ते एकदम म्हणाले, “माझे वडील कॉर्नेट वाजवायचे. लग्नांमध्ये.”

“कॉर्नेट?” अंकलचा चेहरा बदलला. “लीड की सेकंड? मुख्य चाल, की साथ?”

मी बाबांकडे बघितलं, तर ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. आमच्या आजोबांबद्दल हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

“लीड,” ते म्हणाले.

“मग ओठ चांगले असणार त्यांचे. दिवसभर उन्हात लीड वाजवणं म्हणजे खायचं काम नाही. आत या.”

बाबा आत गेले ते अंधार पडता आले. त्यानंतर रविवारची दुपार ठरून गेली: चार वाजता बाबा शेजारी. खिडक्या उघड्या. आई म्हणाली, माझा अर्धा नवरा शेजाऱ्यानं नेला, आणि हसली. बाबांनी मला जे कधी सांगितलं नव्हतं ते मी अंकलच्या घरात, टेबलाखाली पाय हलवत, ऐकलं. वरातीपुढे वाजवून झालं की आजोबांना आणि बाकीच्यांना मांडवामागे, भांडी घासायच्या जागेपाशी बसवत. पत्रावळी लांबून सरकवत. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या भावानं गंमत म्हणून आजोबांच्या हातातला कॉर्नेट घेतला आणि फुंकून बघितला. त्याची मावशी धावत आली, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तिनं त्याला चूळ भरायला लावली. दोनदा. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबा शर्टाच्या टोकानं वाद्याचं तोंड पुसत होते.

“कशाला पुसत होते?” अंकलनी विचारलं.

“तेच मला आजवर कळलं नाही,” बाबा म्हणाले.

अंकलनी उठून कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात टेपा होत्या. हॉटेलांमधला गायक होण्याआधी, अगदी तरुणपणी, अंकलनी सोळा जणांचा बँड उभा केला होता: ट्रम्पेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोनच्या रांगा, मागे पियानो, बास आणि ड्रम. बिग बँड जॅझ. दोन दुपारी एका हॉलमध्ये बसून त्यांनी अकरा चिजा रेकॉर्ड केल्या. थोड्याशा तबकड्या निघाल्या, कंपनी बुडाली, बँड पांगला. लोकांना सोल गाणारा टेरी माहीत होता. या बँडचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आणि अंकलना आयुष्यात अभिमान होता तो एवढ्याच गोष्टीचा.

त्या अकरांपैकी सातवी चीज संथ आहे. तिच्या मध्यावर सगळा बँड थांबतो आणि एकटा ट्रम्पेट वाजतो, एक मिनिटभर. तो सिरिल. अंकलचा मित्र, दिवसा पोस्टात टपाल वेगळं करायचा. रेकॉर्डिंगनंतर दुसऱ्याच वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानं वाजवलेलं जगात एवढंच शिल्लक होतं. अंकलकडे जुनी घासलेली तबकडी होती, ती त्यांनी लावली. मला तेव्हा जॅझमधलं काही कळत नव्हतं. तरी कळलं, की हा माणूस मोठ्यानं बोलत नाहीये. एक सूर त्यानं इतका हळू सोडला की मी पाय हलवायची थांबले. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवत नव्हते.

मी पॉलिटेक्निकमध्ये मास कम्युनिकेशन शिकत होते तेव्हा एका छोट्या कंपनीत काही महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. जुन्या स्थानिक रेकॉर्डी शोधून त्या नव्या श्रोत्यांसाठी सीडीवर काढायच्या, हे त्यांचं काम. मालक डेस्मंड, तिशीचा, बारीक काड्यांचा चष्मा, आवाज कधी चढायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्याला टेरी अंकलच्या डब्याबद्दल सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. “मित्रा, हे तू केलंस,” तो म्हणाला. “पुस्तिकेतला लेख तूच लिहायचास. तुझ्या नावानं.” त्या संध्याकाळी एमआरटी मेट्रोमध्ये मला जागा मिळाली नाही आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

अंकलनी दोन दिवस विचार केला. मग डबा माझ्या हातात दिला. “टेपा जुन्या आहेत. एकदा चालतील, दुसऱ्यांदा तुटतील. तुला जे करायचं ते कर. एकच सांगतो. सिरिलचं मिनिट पूर्ण राहिलं पाहिजे. त्यातला श्वाससुद्धा कापायचा नाही.”

“प्रॉमिस, अंकल.”

हे मी म्हटलं तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. पुढचं सगळं त्यामुळेच जास्त घाणेरडं वाटतं.

टेपा सुखरूप उतरवल्या गेल्या. मूळ आवाज इतका स्वच्छ होता की डेस्मंड आणि त्याचा साउंड इंजिनिअर टाळ्या वाजवत होते. मग ‘नवे श्रोते’ आले. म्हणजे ते कधी दिसले नाहीत, पण खोलीत प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून व्हायची. नव्या श्रोत्यांना ठेका लागतो, म्हणून अंकलच्या ड्रमरवर मशीनचा ठेका चढवला. धप्प धप्प, जिममध्ये असतो तसा. नव्या श्रोत्यांना लांबण चालत नाही, म्हणून कापाकापी सुरू झाली. सातव्या चिजेवर आलो. पडद्यावर सिरिलचं मिनिट हिरव्या रेघेसारखं दिसत होतं, बारीक, जवळजवळ सपाट.

“इथे काही घडतच नाहीये,” डेस्मंड म्हणाला. “इथे लोक पुढचं गाणं लावणार. मित्रा, तुला काय वाटतं?”

त्यानं मला विचारलं. हे मी कधी विसरत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला त्यानं तिचं मत विचारलं, आणि चष्म्याआडून नीट वाट बघत थांबला. मी म्हटलं, “या लाह, इट ड्रॅग्ज.” एवढंच. रटाळ आहे. मला ते रटाळ वाटत नव्हतं. मला फक्त त्या खोलीतली वाटायचं होतं. इंजिनिअरनं माऊस फिरवला, मिनिटाची सात सेकंदं झाली, आणि मी त्यांच्याबरोबर कोपी प्यायला खाली गेले. ती गोड घट्ट कॉफी मी मिटक्या मारत प्यायले. आज मला त्या मुलीच्या तोंडात बोटं घालून ते शब्द बाहेर काढावेसे वाटतात.

लेख मी तीन वेळा लिहिला. पहिल्यात अंकल जसे होते तसे होते: दर शनिवारी मुलगी अँजेला डबा घेऊन येते, भाजीवाल्या बायका ओळखतात, रोज चार वाजता रियाज होतो. डेस्मंड म्हणाला, छान आहे, पण गोष्ट कुठे आहे? लोकांना काहीतरी हरवलेलं आणि सापडलेलं लागतं. दुसऱ्यात मी अँजेलाला कमी केलं. तिसऱ्यात अँजेला नव्हतीच. तिसऱ्यात एक म्हातारा होता, विस्मृतीत गेलेला, एकटा, ज्याचं दार कुणी वाजवत नाही. आमचे बाबा दर रविवारी ते दार वाजवत होते. हे लिहिताना बाबांचा आवाज भिंतीतून येत होता.

मग फोटो. अंकल बँडचं मरून जॅकेट घालून आले. इतक्या वर्षांनीही ते त्यांना बसत होतं, बटणं चकचकीत. फोटोग्राफरनं व्हरांड्यात, घरात, ट्रोम्बोनसह बरेच फोटो काढले. डेस्मंड खूश नव्हता. त्यानं मला बाजूला घेतलं. “टेरी तुझं ऐकतो.” काय हवं आहे ते त्यानं शब्दांत सांगितलं नाही. मला कळलं.

मी अंकलना म्हटलं, “अंकल, जॅकेट लाइटमध्ये चमकतंय. जरा काढता? फक्त टेस्टिंगसाठी. हा फोटो वापरणार नाहीत.” त्यांनी काढलं. “शर्टसुद्धा, पांढरा आहे ना, फोटोत फार उजळ येतो.” त्यांनी तोही काढला. मी त्यांना जिन्याजवळ नेलं, जिथे सगळ्या मजल्याचा कचरा टाकायची खिडकी आहे, आणि एका उलट्या क्रेटवर बनियनवर बसवलं. खालून कुजक्या माशांचा वास येत होता. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या: नीट बसलोय ना? मी मान डोलावली. ते हसले. तो फोटो नाही घेतला. थोड्या वेळानं ते थकले, खांदे पडले, मान खाली गेली. तेव्हा क्लिक झालं. त्यांचं जॅकेट आणि शर्ट माझ्या हातांवर होतं, अजून ऊबदार, पावडरचा वास येणारं.

प्रकाशन ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोमध्ये, श्रीमंतांच्या सोसायटीत, रविवारी दुपारी होतं. मोठा हॉल, काचेपलीकडे स्विमिंग पूल, मागे समुद्र. बाबांनी टाय बांधला होता, आईनं पैठणी नेसली होती. अंकल मरून जॅकेटमध्ये, अँजेला त्यांच्या हाताला धरून. दारातच माणसाच्या उंचीचं पोस्टर. बनियन, पडलेले खांदे, मागे कचऱ्याची खिडकी. वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव.

अंकल थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “हे माझं बनियन आहे,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा. मग माझ्याकडे वळून, “तू टेस्टिंग म्हणालीस ना?”

तेवढ्यात लोक आले. काय लोक होते! लिननचे कपडे, मंद परफ्यूम, हातात वाइनचे ग्लास. एक बाई अंकलच्या खांद्यावर हात ठेवून, बहिऱ्याशी बोलावं तशी एकेक शब्द तोडत म्हणाली, “यू आर सो ब्रेव्ह.” दुसरीनं उरलेले केक एका डब्यात भरून त्यांच्या हातात दिले: घरी न्या, खा. अंकलनी डबा धरला, कारण तो न धरणं उद्धटपणाचं झालं असतं. बाबा ते बघत होते. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता आणि नंतरही नाही. कुणी तरी आतून दिवा काढून नेल्यासारखा.

मग सीडी लावली. धप्प, धप्प, धप्प. पाहुणे माना हलवू लागले. अंकल खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, प्रत्येक चीज सुरू झाली की ओठ जरा हलायचे. सातवी सुरू झाली. त्यांनी अँजेलाचा हात धरला. बँड थांबला, ट्रम्पेटनं एक सूर घेतला, आणि लगेच धप्प, बँड परत आला.

“सिरिल कुठे आहे?” अंकलनी विचारलं.

डेस्मंड जवळच होता. तो वाकून गोड आवाजात म्हणाला, “एडिट आहे, अंकल. आता फ्लो छान झालाय.”

अंकलनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मित्रा. कापलं तेव्हा तू खोलीत होतीस?”

“हो.”

“काही म्हणालीस?”

“हो.”

काय म्हणालीस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. ते उठले. अँजेलानं त्यांच्या जॅकेटचं वरचं बटण लावलं. केकचा डबा त्यांनी खुर्चीवर नीट ठेवला आणि ते चालू लागले. बाबा त्यांच्या मागे गेले.

आई राहिली. ती कोपऱ्यात उभी राहून पुस्तिका वाचत होती, चष्मा कपाळावर ढकलून, पेपर तपासते तशी. शेवटपर्यंत वाचली. तळाशी माझं नाव होतं, आमच्या आडनावासकट. तिनं पुस्तिका टेबलावर ठेवली, कागदी रुमाल घेतला आणि बोटं पुसली. एकेक बोट. “शी,” ती म्हणाली, आणि तीही गेली.

मी गेले नाही. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातं आहे. मी आणखी चाळीसेक मिनिटं त्या हॉलमध्ये होते. डेस्मंडनं माझी ओळख करून दिली, एका वर्तमानपत्राच्या माणसानं माझ्या लेखाची स्तुती केली, मी हसले, थँक्यू म्हटलं. काडीला टोचलेली कोळंबी खाल्ली. ती चविष्ट होती.

आठवडाभर शेजारी चार वाजता शांतता. आईबाबा माझ्याशी कामापुरतं बोलत. बाथरूममध्ये तोंड धुताना आरशातल्या तोंडाकडे बघायचं टाळायचे. कंपनीत गेले आणि डेस्मंडला म्हटलं, पुस्तिकेतून माझं नाव काढा. तो म्हणाला, छापून झालंय. मग म्हटलं, न कापलेली सातवी चीज हवी. मनात मी मोठ्या भांडणाची तयारी करून गेले होते. नाही म्हणाला तर चोरायची, असंही ठरवलं होतं. त्यानं खांदे उडवले. “घे ना. हार्ड डिस्कवर पडलीये. कुणाला हवंय ते?” दोन मिनिटांत त्यानंच मला सीडी करून दिली, वर मार्करनं व्यवस्थित नावही घातलं. माझ्या प्रायश्चित्तासाठी मला एवढीही झळ सोसावी लागली नाही. इंटर्नशिप मी तिथेच सोडली. तेही कुणाला फारसं जाणवलं नाही.

शनिवारी दुपारी मी अंकलचं दार वाजवलं. बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. आतून अँजेलाच्या करीचा, मोहरी आणि व्हिनेगरचा वास येत होता. अंकल आले. इस्त्रीचा शर्ट. मी जाळीतून सीडी पुढे केली. “सिरिल पूर्ण आहे, अंकल. आवाज वाढवलेला नाही, काही नाही. सॉरी.”

त्यांनी ती घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली. “थँक्यू, मित्रा,” ते म्हणाले. फार सभ्यपणे, बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. मग माझ्यावरून नजर पलीकडे, बाबांकडे नेत म्हणाले, “ये, मिलिंद.” कुलूप काढलं. बाबांनी चपला काढल्या, आत गेले. जाळी पुन्हा लागली.

मी व्हरांड्यात उभी राहिले. थोड्या वेळानं संगीत सुरू झालं. इथे ठेका नव्हता. ड्रमरच्या काठ्या झांजेवरून नुसत्या घासत जात होत्या. बँड थांबला आणि सिरिल आला. पहिला सूर, मग एक श्वास, खरोखरचा, ऐकू येणारा. मग तो हळूहळू वर गेला, वरच्या सुराशी पोचला नाही, आणि न पोचताच तिथे थांबून राहिला, जणू एवढंही पुरे आहे. मी घड्याळात बघितलं होतं. बासष्ट सेकंद. आतून अंकलचा खोकल्यासारखा आवाज आला, अँजेला काहीतरी म्हणाली. मग त्यांनी तेच पुन्हा लावलं.

टेरी अंकल त्यानंतर नऊ वर्षं जगले. लिफ्टमध्ये भेटले की “मॉर्निंग, मित्रा” म्हणायचे, माझ्या हातात पिशव्या असल्या तर लिफ्टचं दार धरून ठेवायचे. ती जाळी माझ्यासाठी पुन्हा उघडली नाही आणि मीही वाजवली नाही. त्यांच्या अंत्यविधीला आईबाबा गेले. तो अल्बम आजही फोनवर मिळतो. तेच मुखपृष्ठ, तोच ठेका. जगभरची तरुण मुलं खाली लिहितात, की किती छान, बरं झालं कुणीतरी याला शोधून काढलं. मुखपृष्ठ बदला म्हणून मी तीनदा पत्र लिहिलं. कंपनी दोनदा विकली गेली आहे. उत्तर आलेलं नाही.

त्या शनिवारी बाबा दीड-दोन तासांनी घरी आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी बेसिनपाशी हात धुतले, पुसले. मी विचारलं, “बाबा, अंकल अजून रागावलेत का?”

“नाही,” ते म्हणाले. “राग असता तर बरं होतं, पोरी. राग उतरतो. त्याला तुझी किळस आली आहे.” ते पाटावर बसले. “मला कळते ती. लहानपणापासून ओळखतो मी ती नजर. पण आमच्याकडे तशा नजरेनं बघणाऱ्यांचं चुकलेलं असायचं. त्याचं काही चुकलेलं नाही.”

आईनं तीन ताटं वाढली. वांग्याचं भरीत, भाकरी, कांदा. बाबांनी माझं ताट माझ्यापुढे सरकवलं. मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. पण मला भूक लागली होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि भरीत पुन्हा मागून घेतलं.